वाडी संस्थानची की खालसाची

आमच्या ह्यांनी आयुष्यात राज्य चालवलेलं आहे. मुलं हसतात, पण ते खोटं नाही. भोर संस्थानात हे वेल्ह्याला महालकरी होते, म्हणजे मामलेदारापेक्षा थोडे लहान आणि स्वतःच्या मते दिवाणसाहेबांपेक्षा थोडे मोठे. मुलूख म्हणाल तर सगळा डोंगर. पावसाळ्यात पाऊस पिकायचा आणि उन्हाळ्यात दगड. पश्चिमेला जिथे जमीन संपून कडा कोसळतो, तिथे संस्थानही संपायचं. खाली महाडचा तालुका, तिथे इंग्रजी अंमल. आम्ही त्याला खालसा म्हणत असू. कड्याच्या वर भोरचे राजेसाहेब, कड्याच्या खाली लंडनचे, आणि मधल्या धारेवर आमचे हे.

मी पुण्याची. लग्न झालं तेव्हा हे भोरच्या कचेरीत कारकून होते. कापूरहोळला उतरून दुसऱ्या मोटारीची वाट बघत बसलो, तेव्हा मला वाटलं होतं की इथेच जग संपतं. पुढे वेल्ह्याला बदली झाली आणि बैलगाडीतून धक्के खात गेले, तेव्हा कळलं की कापूरहोळ म्हणजे मुंबईच होती.

ह्यांचा स्वभाव चौकटीतला. पंचाची घडी, पानातल्या मिठाची जागा, हुकमाची भाषा, सगळं आखलेलं. खोटं बोलणं तर जमतच नसे. 'बायको कशी आहे?' असं कुणी नातेवाइकांनी विचारलं, तर मी शेजारी उभी असतानाही हे गंभीरपणे म्हणत, "बोलते जास्त." पाहुण्यांना बरं वाटावं म्हणूनसुद्धा 'नाही हो, गुणाची आहे' एवढं तोंडातून निघत नसे. मला याचा राग येई, अजूनही येतो. खरं बोलायला काही पुण्य लागत नाही, जीभ जड असली की पुरे, असं माझं तेव्हाचं मत होतं.

ह्यांची प्रजा नाना तऱ्हांची होती. खोऱ्यात मराठे शेतकरी, उतारावर महादेव कोळी, रानात कातकरी, आणि अगदी माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर. प्रत्येकाची बोलायची तऱ्हा वेगळी, देव वेगळे, भांडणं मिटवायच्या रीती वेगळ्या. हे पूर्वी हिर्डोशीकडे असताना एका म्हाताऱ्या अंमलदाराने ह्यांना कानमंत्र दिला होता की डोंगरातल्या माणसावर हुकूम चालत नाही, त्याला मान द्यावा लागतो. तो मंत्र ह्यांनी चौकटीत बसवला. दर दसऱ्याला प्रत्येक जमातीच्या वडील माणसाला कचेरीत बोलवायचं आणि संस्थानातर्फे पागोटं बांधायचं. कोळ्यांचे नाईक मोठ्या थाटात येत. कातकऱ्यांच्या म्हाताऱ्याने एका वर्षी पागोटं डोक्यावरून काढून तिथल्या तिथे बायकोच्या खांद्यावर टाकलं, कारण ती थंडीने काकडत होती. ह्यांना ते रीतीला सोडून वाटलं. मला ते त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटलं.

धनगरांची गंमत निराळीच होती. त्यांच्या कड्यावरच्या वाडीतून दर दसऱ्याला नवाच माणूस येई. एकदा तर मिसरूड फुटतंय न फुटतंय असा गडी समोर येऊन उभा राहिला.

"गेल्या वर्षीचे पाटील कुठे आहेत?" ह्यांनी विचारलं.

"हाईत की, म्हशींमागं."

"मग तुम्ही कोण?"

"म्या औंदाचा."

ह्यांनी त्याला पागोटं बांधलं, काय करणार! पुढे कळलं की वाडीत आता पागोटं नाही असा बाप्या उरलेला नाही. राज्यकारभाराची ही पद्धत वाडीला फार पसंत होती.

पण घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. ही वाडी कुणाची, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आमचा शिपाई वसुलीला वर गेला की वाडी म्हणे, "आमी खालसाचं." महाडकडचा शिपाई कडा चढून धापा टाकत आला की तीच तोंडं म्हणत, "आमी संस्थानचं." दोन्ही शिपाई आपापल्या सरकारात जाऊन तसं सांगत आणि दोन्ही सरकारं गप्प बसत. वर्षानुवर्षं असं तळ्यात मळ्यात चाललेलं.

त्या वाडीतल्या एक मावशी आमच्याकडे तूप घालीत. उंच, सरळसोट बाई. वय झालेलं, पण डोंगर उतरून येताना डोक्यावरचा डेरा हलत नसे. मी त्यांना मागच्या पडवीत बसवून चहा करून देई आणि हळूच विचारी, "मावशी, तुम्ही नक्की कुठल्या हो?"

"वरल्या," त्या म्हणत आणि बशीत फुंकर घालत. दूधदुभत्यात जन्म गेलेल्या बाई, पण मला कधी ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका चैत्रात वरून हुकूम आला. दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं होतं की धारेवरच्या प्रत्येक वाडीने एका बाजूचं व्हायचं. जी वाडी ज्या बाजूची, तिची जनावरं त्याच बाजूला चरतील आणि त्याच बाजूला पाणी पितील. सीमेपलीकडे एक खूर टाकायचा नाही. वैशाखात महाडचे सर्कलसाहेब खालून येणार, हे इकडून जाणार, आणि दोघांनी मिळून वाडीचा निकाल लावायचा. हे फार खूश होते. एवढ्या वर्षांची गुंतागुंत एका सहीने सुटणार होती.

मावशींना ही बातमी कुठून लागली कोण जाणे. त्या वेळी त्यांनी चहाला हात लावला नाही.

"बाईसाब," त्या म्हणाल्या, "पानी हाय तुमच्या अंगाला आन् चारा हाय खालच्या अंगाला. उन्हाळ्यात वर दुसरा झरा न्हाई. संस्थानचं म्हनलं तर म्हशी उपाशी, खालसाचं म्हनलं तर तान्हेल्या. आता म्हस काय मधून चिरून दोनी अंगाला बांदू व्हय?"

"मग काय कराल?"

"काय करायचं? वाडी फुटंल. कोन हिकडं जाईल, कोन तिकडं. माझं दोन ल्योक दोन राज्यात." एवढं बोलून त्यांनी डेरा उचलला. त्या चढणीला लागेपर्यंत मी पडवीत उभी होते. मला फार वाईट वाटलं.

रात्रीचं पान वाढताना मी विषय काढला. ह्यांनी ऐकून घेतलं, आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "नियम तो नियम."

"मग तो म्हशींना वाचून दाखवा," मी म्हटलं.

"वाडी नोंदवून द्यायची आहे. मी काय खोटं लिहू? दोन्हीकडची आहे म्हणून लिहिलं तर वरचे विचारतील, माणूस दोन्हीकडे कसा राहतो."

"सासर आणि माहेर असतं तसा."

ह्यांनी ताक मागितलं. वादात हरायला आले की हे ताक मागत. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि काम म्हणजे 'वाढू का' आणि 'पुरे का'. ह्यांना तेवढी शांतता आवडली असावी अशी मला शंका आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी जाहीर केलं की मीही येणार. हे म्हणाले, वाट अवघड आहे. मी म्हटलं, पुण्याहून इथवर आले ती काय सडक होती? खरं तर मला वाडी बघायचीच नव्हती. मावशींची वाडी फुटताना ह्यांनी निदान एका माणसाच्या डोळ्यांसमोर ती फोडावी, एवढाच माझा हेका होता.

वर पोचले तेव्हा माझी बोलायची शक्ती संपली होती, याचं ह्यांना सौख्य झालं असणार. माथ्यावर कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली खोपटं. त्यांच्या अलीकडे, आमच्या बाजूला, कातळाच्या पोटातून झिरपणारा झरा आणि पुढे डबकं. त्यात म्हशी नाकापर्यंत बुडून बसलेल्या. पलीकडे चार पावलं गेलं की कडा, आणि कड्याखाली कोकणच्या बाजूला गवताचे टप्पे, वैशाखातही पिवळे आणि दाट. मावशी बोलल्या होत्या ते नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. ह्यांनाही दिसलं असणार. हे त्या झऱ्याकडे आणि त्या गवताकडे आलटूनपालटून बघत राहिले.

थोड्या वेळाने कड्यावरून आधी एक टोपी वर आली, मग तिच्याखालचे सर्कलसाहेब. गोल, हसरे, घामाने निथळणारे गृहस्थ. मागून त्यांचा शिपाई खांद्यावर फणस घेऊन. कोकणातला माणूस कुणाच्या मुलखात जाताना रिकाम्या हाताने जात नाही. दोन्ही सरकारांनी एकमेकांना नमस्कार केले, पाणी प्यायले आणि एकाच घोंगडीवर शेजारी शेजारी बसले.

आणि मग वाडीची खरी पंचाईत झाली. आजवर दोन सरकारं एकदम कधी आलीच नव्हती. औंदाचा पाटील पुढे झाला. हा आणखी तिसराच होता, पागोटं मात्र ओळखीचं. ह्यांनी विचारलं, "बोला, तुमची वाडी कुणाची?"

"आमी..." म्हणून त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. मग सर्कलसाहेबांकडे पाहिलं. मग आभाळाकडे. सगळी वाडी श्वास धरून उभी. मला हसू येत होतं आणि मावशींकडे बघवतही नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मावशींचा आवाज आला, "आमाला काय इचारता? देवाला इचारा. त्यानं आनलं म्हनून आमी हितं हाय."

वाडीच्या लेखी हा शेवटचा उपाय होता. त्यांच्यात कुठलीही अडलेली गोष्ट, लग्न असो, वाटणी असो, हरवलेली म्हैस असो, देवाला कौल लावून सोडवत. कड्याच्या काठाशी शेंदूर फासलेला एक तांदळा होता, म्हणजे देव मानलेला बिनघडीव दगड. त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्याने ओली केलेली एकेक कुड्याची कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आणि देवाने सांगितलं की त्यावर अपील नाही. वाडी ते मुकाट मान्य करायची, मग फुटली तरी चालेल.

"चालेल," ह्यांनी म्हटलं. मी थक्क झाले. जो माणूस पंचांगावरही दोनदा विचार करून विश्वास ठेवायचा, तो कौलाला तयार झाला. सर्कलसाहेबांनीही मान हलवली. ठरलं की उजवी संस्थानची, डावी खालसाची.

पण कळ्या लावणार कोण? पुजारी हात जोडून बाजूला झाला. त्यांची रीत अशी की सवाल ज्याचा, हात त्याचा. सवाल सरकारचा होता. तेव्हा उजवी कळी ह्यांनी लावायची आणि डावी सर्कलसाहेबांनी. देवाला शिवायच्या आधी दोघांनी हातपाय धुवायला पाहिजे होते. दोघं कळ्या घेऊन झऱ्याकडे गेले. तिथेच शिपाई पोरांसाठी फणस फोडत बसला होता. दोघं बराच वेळ आले नाहीत. हातपाय धुवायला एवढा वेळ लावणारी सरकारं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाहीत.

परत आले ते दोघंही अगदी गंभीर. ह्यांनी उजव्या अंगाला कळी लावली, अंगठ्याने दाबली. सर्कलसाहेबांनी डावीकडे लावली. औंदाच्या पाटलाने मोठ्याने सवाल केला, "देवा, ही वाडी कुनाची ते सांग!"

आम्ही सगळे बसलो. वाऱ्याला तोटा नव्हता. कड्यावर वैशाखातला वारा कोकणातून असा वर येतो की माझा पदर डोक्यावर ठरेना. खोपटांवरचं गवत उडत होतं. त्या दोन कळ्या मात्र हलायला तयार नाहीत. सगळे डोळे त्यांच्यावर. कुणीतरी म्हातारा काकुळतीला येऊन म्हणाला, "बोल की रं बाबा, दोन सरकारं खोळंबलीत." देव बोलेना. म्हशी डबक्यातून उठल्या, चरायला पलीकडे उतरल्या, पोट भरून परत अलीकडे पाण्यावर आल्या. कळ्या जिथल्या तिथे.

ऊन उतरायला लागलं तसे सर्कलसाहेब उठले. "महालकरीसाहेब, देवच निर्णय करीत नसेल तर आपण कोण करणार?"

हे घसा साफ करून कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "प्रकरण देवाकडे विचाराधीन आहे, तोपर्यंत जैसे थे ठेवावे, असं मी लिहितो."

"मीही तेच लिहितो," सर्कलसाहेब म्हणाले.

'जैसे थे' म्हणजे काय, हे वाडीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बायकांनी एकदम बोलायला सुरुवात केली. मावशी पुढे झाल्या. त्यांनी तांदळ्याजवळ जाऊन वाकून कळ्यांकडे पाहिलं, मग वळून ह्यांच्याकडे पाहिलं आणि चटकन पदराचा बोळा तोंडाशी धरला. मला वाटलं, म्हातारीला रडू आलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ गदगदत होती.

निरोपाच्या वेळी नमस्काराला जोडलेले हात सोडवताना सर्कलसाहेब जरा अडखळले. उतरताना मी ह्यांच्याशी चांगलं बोलले. देवाने ह्यांची लाज राखली, असं म्हणाले. हे "हूं" म्हणाले.

घरी आलो आणि पानं मांडली. ह्यांनी भात कालवला आणि घास तोंडात घातला, पण शितं बोटांना चिकटून राहिली. ह्यांनी बोटं ताटाच्या कडेला पुसली, तर ताटच बोटांबरोबर उचललं गेलं. शेवटी उठून न्हाणीत गेले. माती लावली, राख लावली, शिकेकाई लावली. अंगठा आणि दोन बोटं काळी, चिकट, तशीच.

मी दारात जाऊन उभी राहिले. फणसाचा चीक कशाने निघतो हे ज्याच्या घरी फणस आला आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मी खोबरेलाची वाटी घेऊन गेले होते.

"फणसाला हात लागला," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.

ह्यांना फणसाच्या वासानेच मळमळतं. घरात फणस आला की हे ओसरीवर जेवायला बसत. आणि नुसता हात लागला असता तर चीक असा बोटांच्या बेचक्यात मळलेला नसता. सर्कलसाहेब निरोप घेताना नमस्काराचे हात सोडवताना का अडखळले, हेही मला तिथेच, न्हाणीच्या दारात उमगलं. मावशींची पाठ कशाने गदगदत होती तेही. दोन सरकारांचं एकमत झालं होतं ते झऱ्यावर, एका फणसाशेजारी.

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं! हा माणूस मला बरं वाटावं म्हणून एक खोटं बोलला नव्हता, आणि देवाच्या अंगावर खोटं चिकटवून आला होता. चिडवायला ह्यापेक्षा मोठी संधी आयुष्यात मिळाली नसती. मी तोंड उघडलं आणि पाहिलं तर हे खाली मान घालून एकेक बोट तेलात बुडवून चोळत होते. मला एकाएकी गहिवरून आलं. लग्नाला वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला होता, संसार रीतीने चालला होता. पण मला हा माणूस आवडला तो त्या संध्याकाळी. मी वाटी खाली ठेवली आणि भात पुन्हा वाढायला गेले.

त्यानंतर दर वैशाखात वरून विचारणा होई आणि दर वैशाखात हे वर जात. देव काही केल्या निकाल देईना. सर्कलसाहेबांची बदली झाली, पण जाण्यापूर्वी त्यांनी नव्या माणसाला काहीतरी सांगितलं असावं, कारण तोही येताना फणस घेऊन येई. मी शिदोरीबरोबर खोबरेलाची बाटली बांधून देत असे. तिच्याबद्दल हे कधी बोलले नाहीत, मीही कधी बोलले नाही. एवढी वर्षं एखादी गोष्ट मी पोटात ठेवू शकते, यावर माझ्या मुलांचा विश्वास बसत नाही.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झालं, पागोटी बंद झाली. पुण्याहून एक तरुण साहेब कारभार हाती घ्यायला आले. चुणचुणीत होते, खादीचा कडक सदरा, प्रत्येक गोष्टीत घाई. मी दाराआड बसून गहू निवडत होते. साहेब ओसरीवर एकेक प्रकरण बघून बाजूला ठेवत होते. वाडीच्या प्रकरणाशी आल्यावर हसले. "हे आता काढून टाकू या. संस्थान नाही, खालसा नाही. सरकार एकच झालं."

"सरकार एक झालं," हे म्हणाले, "पण जिल्हे दोन आहेत साहेब. आणि चारा अजून पलीकडेच आहे, पाणी अलीकडेच."

"मग कुणीतरी एकदा निर्णय घ्यायलाच हवा."

ह्यांची खुर्ची दुसऱ्या दिवसापासून जाणार होती. एवढी वर्षं सांभाळलेली ती वाडी आता ह्या पोरसवद्या साहेबाच्या पदरात पडणार होती, आणि त्याला हे काही हुकूम देऊ शकत नव्हते.

"वैशाखात स्वतः वर जा," हे म्हणाले. "आधी झरा बघा, मग गवत बघा. मग देवाला कौल लावा, कळी स्वतःच्या हाताने लावा." आणि मग, मी ऐकते आहे हे ठाऊक असून, आवाज जराही खाली न आणता म्हणाले, "जाताना सोबत एक फणस असू द्या, आणि घरी खोबरेल."

साहेबांना काही उमगलं नाही. दाराआड माझं सूप हातातून निसटलं आणि गहू घरभर झाले.